पापणीवरची अदृश्य सुरी

रात्रभर शांत झोप घेऊनही काही माणसांचे डोळे दमलेलेच दिसतात. पन्नाशीतल्या शिक्षकाला तर ‘सर, बरं नाही का?’ हा प्रश्न नेहमीचाच. पुष्कळदा त्याचा दमणुकीशी काही संबंध नसतो. पापणीची त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वयाबरोबर ती सैल पडते आणि वरच्या पापणीवर घडी लोंबू लागते. खोबणीत डोळ्याभोवती चरबीची गादी असते. तिला रोखून धरणारा पडदा ढिला झाला की ती पुढे सरकते आणि डोळ्यांखाली पिशव्या दिसतात.

ही घडी कापून टाकण्याची कल्पना जुनीच आहे. रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात तिची रीत लिहून ठेवली होती. १९२४ मध्ये पॅरिसच्या बुर्गे यांनी खालच्या पापणीची चरबी आतल्या बाजूने काढून दाखवली. त्यामुळे बाहेर व्रण राहत नाही. अडचण राहिली ती रक्ताची. पापणीत बारीक रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सुरी फिरली की रक्त येते, आणि पुढे कित्येक दिवस डोळा काळानिळा राहतो.

१९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण मिळवला. हा लाल प्रकाश पाण्यातून सहज पार होतो. म्हणून डोळ्याच्या पारदर्शक भागातून आत जाऊन मागच्या दृष्टिपटलावर उपचार करायला तो कामी आला. पापणी कापायला मात्र तो उपयोगाचा नव्हता.

कापणारा किरण शोधला तो कुमार पटेल यांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या बारामतीचा. शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइड वायूपासून लेसर बनवला. नुसत्या या वायूतून अगदी क्षीण किरण मिळे. त्यात नायट्रोजन मिसळल्यावर विजेने उत्तेजित झालेले नायट्रोजनचे रेणू आपली ऊर्जा कार्बन डाय-ऑक्साइडला देऊ लागले आणि किरणाची शक्ती कितीतरी पटींनी वाढली. हा किरण अवरक्त, १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा. पाणी त्याला अधाशासारखे शोषून घेते. आपल्या पेशी तर बव्हंशी पाण्याच्याच! किरण पडताच त्यांतल्या पाण्याची वाफ होते, ऊती कापली जाते आणि कडेच्या उष्णतेने बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात. (वर्गात विचारावे: कापूनही रक्त का आले नाही?)

१९८४ मध्ये स्टर्लिंग बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लेसरने केलेल्या पापणीच्या शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकात पद्धत पसरली, आणि तिच्या जाहिरातीही. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त कमी येते, हे खरे. पण लेसरने केल्यामुळे डोळा अधिक तरुण दिसतो, असे म्हणायला आम्हांला आधार दिसत नाही. त्वचा किती काढायची, चरबी किती ठेवायची, हे हातच ठरवतो. त्वचा जास्त काढली गेली तर डोळा पुरता मिटत नाही आणि कोरडा पडतो.

शिवाय बुबुळावरचे पारदर्शक पटलही पाण्यानेच भरलेले. जो किरण पापणी कापतो तो त्यालाही जाळेल. म्हणून डोळा बधिर करून पापणीखाली धातूची वाटीसारखी ढाल बसवतात. तिचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवतात, म्हणजे किरण आरशासारखा परावर्तित होऊन भलतीकडे जात नाही. किरण डोळ्यांना दिसतच नसल्याने नेम धरण्यासाठी त्याच्यासोबत दुसरा, दिसणारा तांबडा किरण सोडतात.

सुरकुत्या घालवण्यासाठी याच लेसरने त्वचेचा वरचा थरही जाळून काढतात. सावळ्या त्वचेवर अशा उपचारानंतर काळे डाग उमटण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असतो. आणि आपल्याकडे ज्याची तक्रार जास्त ऐकू येते, तो डोळ्यांखालचा काळेपणा पुष्कळदा त्वचेतल्या रंगद्रव्याचा असतो; चरबी काढली तरी तो तसाच राहतो.