पुसलेली घरे : जनगणनेच्या तक्त्यापासून गूगलच्या गाडीपर्यंत

२०१० साली जर्मनीतील २,४४,२३७ कुटुंबांनी गूगलला एकच गोष्ट कळवली : आमचे घर दाखवू नका. त्या नोव्हेंबरात वीस शहरांचे रस्ते 'स्ट्रीट व्ह्यू'वर आले, तेव्हा ओळीने उभ्या असलेल्या इमारतींत मध्येच एखादी इमारत धुक्यात बुडाल्यासारखी दिसू लागली. इंग्रजी पत्रकारांनी याची भरपूर थट्टा केली. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसणारी भिंत लपवून काय साधणार, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. मात्र त्याचे उत्तर २०१० मध्ये सापडत नाही; त्यासाठी पाऊणशे वर्षे मागे जावे लागते.

जून १९३३. हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम साडेचार महिने झाले होते आणि जर्मनीत जनगणना झाली. एकट्या प्रशियाची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास. ही माहिती हाताने संकलित करायची तर वर्षे गेली असती. ते काम 'देहोमाग' या कंपनीकडे सोपवण्यात आले. देहोमाग ही अमेरिकेतील आयबीएमची जर्मन उपकंपनी. प्रत्येक माणसामागे एक पंच कार्ड, त्यावर वय, धर्म, व्यवसाय यांच्या जागी पाडलेली छिद्रे, आणि ती छिद्रे वाचून कार्डांची वर्गवारी करणारी हॉलरिथ यंत्रे. अमुक धर्माचे, अमुक व्यवसायाचे, अमुक जिल्ह्यातील लोक किती, हे आता यंत्र सांगू शकत होते. आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना १९३७ मध्ये जर्मन सरकारने सन्मानपदक दिले. १९४० मध्ये त्यांनी ते परत केले.

मे १९३९ च्या जनगणनेत आणखी एक पुरवणी पत्रक आले. त्यात आजी-आजोबांपैकी, म्हणजे चारही जणांपैकी, कोण वंशाने ज्यू होते हे विचारले होते. पत्रक बंद पाकिटात द्यायचे होते. माहिती गुप्त राहील, असे आश्वासन होते. या पत्रकांचा पुढच्या हद्दपारीत थेट किती वापर झाला, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, कारण हद्दपारीच्या बहुतेक याद्या पोलिसांच्या आणि ज्यू संस्थांच्या नोंदींवरून तयार झाल्या. पण युद्धानंतरच्या पिढीला या बारकाव्याशी फारसे कर्तव्य नव्हते. तिने एवढेच लक्षात ठेवले की सरकारने पाकीट बंद करायला सांगितले होते.

या आठवणीला संगणकयुगात कायद्याचे रूप मिळाले. १९७० मध्ये हेसेन या राज्याने माहिती-संरक्षणाचा कायदा केला. असा कायदा जगात प्रथमच होत होता. तोवर घराघरांत संगणक नव्हतेच. जे होते ते सरकारी कचेऱ्यांत आणि मोठ्या कंपन्यांत.

त्याच दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीचे पोलीस 'रेड आर्मी फॅक्शन' या दहशतवादी गटाच्या मागावर होते. केंद्रीय गुन्हे अन्वेषण खात्याचे प्रमुख होर्स्ट हेरोल्ड यांनी एक युक्ती काढली. खोट्या नावाने भाड्याने घर घेणारा माणूस बँकेतून विजेचे बिल भरणार नाही, रोखीने भरेल. तेव्हा फ्रँकफुर्टमध्ये रोखीने बिल भरणाऱ्यांची यादी घ्यायची आणि तिच्यातून ज्यांची नावे रहिवासी नोंदींसारख्या अधिकृत याद्यांत सापडतात त्यांना वगळत जायचे. शेवटी उरतील त्यांच्यात आपला माणूस असेल. हेरोल्ड यांनी पुढे सांगितल्यानुसार याच चाळणीतून १९७९ मध्ये रोल्फ हाइसलर हा दहशतवादी हाती लागला. एका दृष्टीने हे यशच. परंतु वीज कंपनीने बिलासाठी ठेवलेली यादी पोलिसांच्या चाळणीत जाऊ शकते, हेही त्यातून सर्वांना दिसले. यादी कोणी केली, कशासाठी केली आणि ती दुसऱ्या कोणत्या यादीला जोडली जाईल, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, असे सामान्य माणूस म्हणू लागला तो या सुमारास.

म्हणून १९८३ ची जनगणना पेटली. कायदा १९८२ मध्ये संसदेत एकमताने संमत झाला होता. एकाही पक्षाला त्यात वावगे दिसले नव्हते. गणनेचा दिवस २७ एप्रिल १९८३. प्रश्न तसे साधेच होते : घर, नोकरी, कामावर जाण्याचे साधन. पण कायद्यात अशी तरतूद होती की जनगणनेतील उत्तरे नगरपालिकांच्या रहिवासी नोंदींशी ताडून पाहता येतील आणि त्या नोंदी त्यावरून दुरुस्त करता येतील. म्हणजे संख्याशास्त्रासाठी दिलेले उत्तर नावानिशी प्रशासनाच्या दप्तरात जाणार. गावोगावी बहिष्कार समित्या उभ्या राहिल्या. मोजल्या जातात त्या मेंढ्या, अशा आशयाची भित्तिपत्रके लागली. यात डावे विद्यार्थी होते तसे निवृत्त शिक्षक आणि गृहिणीही होत्या, आणि हीच गोष्ट सरकारला अनपेक्षित होती.

हॅम्बुर्गच्या दोन महिला वकील, माया श्टाडलर-ऑयलर आणि गिझेला विल्ड, यांनी कार्ल्सरूह येथील घटना न्यायालयात धाव घेतली. इतरही शेकडो तक्रारी आल्या. गणनेला दोन आठवडे उरले असताना, १३ एप्रिलला, न्यायालयाने तिला स्थगिती दिली. १५ डिसेंबर १९८३ रोजी निकाल लागला. जनगणना करण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण नोंदी ताडून पाहण्याची तरतूद रद्द ठरवली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निकालाने एक नवा मूलभूत अधिकार शब्दबद्ध केला : माहितीविषयक आत्मनिर्णयाचा अधिकार. आपल्याविषयीची माहिती कोणी, कधी आणि कशासाठी वापरावी हे मुळात त्या व्यक्तीने ठरवायचे.

निकालातील दोन मुद्दे आजही थांबून विचार करावा असे आहेत. पहिला असा की स्वयंचलित माहितीप्रक्रियेच्या काळात क्षुल्लक माहिती अशी काही उरलेलीच नाही. एकटी असताना निरुपद्रवी असलेली नोंद दुसऱ्या नोंदीला जोडली की काहीही होऊ शकते. दुसरा असा की आपण सभेला गेलो याची नोंद कोठे होते की नाही हेच ज्याला ठाऊक नाही, तो हळूहळू सभेला जाणेच सोडून देईल. आणि त्यात नुकसान एकट्याचे नाही, लोकशाहीचे आहे. न्यायमूर्तींच्या नजरेसमोर सरकार होते. जाहिराती विकणारी कंपनी तेव्हा कोणाच्या कल्पनेतही नव्हती.

सुधारलेली जनगणना मे १९८७ मध्ये झाली. बहिष्कार तेव्हाही झाला. लोकांनी अर्जावरचा क्रमांक असलेला कोपरा कापून टाकला. डॉर्टमुंडच्या फुटबॉल मैदानावर कोणीतरी गवतावरच मोठ्या अक्षरांत बहिष्काराची हाक रंगवली. ती वेळेत पुसता येईना, तेव्हा संयोजकांनी आधी 'राष्ट्राध्यक्ष म्हणतात' अशा अर्थाची आणि शेवटी 'नका' अशी भर घालून वाक्य उलटे फिरवले.

दोनच वर्षांनी बर्लिनची भिंत पडली. जानेवारी १९९० मध्ये पूर्व बर्लिनच्या नागरिकांनी श्टासीच्या मुख्यालयात प्रवेश केला आणि १९९२ च्या आरंभापासून लोकांना आपापली फाइल वाचण्याची मुभा मिळाली. एकापुढे एक ठेवली तर सुमारे १११ किलोमीटर भरतील इतकी कागदपत्रे. कोणा शेजाऱ्याने काय कळवले होते, तेही त्यांत होते.

अशा देशात २००८ मध्ये छतावर कॅमेरा लावलेली गाडी फिरू लागली. कील शहराजवळच्या मोल्फझे या लहानशा गावाने तिला पहिल्यांदा अडवले. परवान्याशिवाय आमच्या रस्त्यांवर चित्रीकरण नको, असे गावाने ठरवले. लोकांची मुख्य तक्रार कॅमेऱ्याच्या उंचीबद्दल होती. पायी जाणाऱ्याला कुंपणापलीकडचे दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. वाटाघाटींनंतर गूगलने जर्मनीसाठी एक खास सवलत मान्य केली : छायाचित्रे प्रसिद्ध होण्यापूर्वीच हरकत घेता येईल.

हॅम्बुर्गचे माहिती-संरक्षण आयुक्त योहानेस कास्पार मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. गाडी नेमके काय काय गोळा करते, याची तपासणी त्यांनी मागितली. एप्रिल २०१० मध्ये कंपनीने सांगितले की घरांतील वाय-फायची नावे आणि उपकरणांचे क्रमांक नोंदले जातात, त्यांतून जाणारा मजकूर नाही. १४ मे रोजी तिला हे विधान मागे घ्यावे लागले. असुरक्षित वाय-फायवरून त्या क्षणी जे काही जात होते त्याचे तुकडेही गाडीने साठवले होते. तीसहून अधिक देशांतून मिळून सुमारे ६०० गिगाबाइट. चूक अनवधानाने झाली, असे कंपनीचे म्हणणे होते. भिंतीच्या छायाचित्रावरून भांडणारे लोक अडाणी ठरवले जात होते, आणि भिंतीच्या आतले काहीतरी खरोखरच बाहेर गेले होते. त्यांचा संशय चुकीच्या जागी होता, पण चुकीचा नव्हता.

हरकत घेण्याची पद्धत मोठी गमतीची होती. घर पुसून घ्यायचे तर गूगलला आपले नाव, पत्ता, ईमेल आणि घराचे वर्णन द्यावे लागे. मग टपालाने एक क्रमांक येई, तो भरला की अर्ज पक्का. इमारतीतील एका भाडेकरूने हरकत घेतली तरी सारी इमारत धूसर होई, शेजाऱ्यांची इच्छा असो वा नसो. आणि ज्यांच्यामुळे एवढा गाजावाजा झाला ती कुटुंबे त्या वीस शहरांतील एकूण कुटुंबांच्या २.८९ टक्के होती. उरलेल्यांनी काहीच कळवले नाही. आल्प्सच्या पायथ्याच्या ओबरश्टाउफेन या पर्यटनगावाने तर केक करून गूगलचे स्वागत केले. एसेन शहरात धूसर केलेल्या काही घरांवर अंडी फेकली गेली आणि गूगलची वाहवा करणाऱ्या चिठ्ठ्या सोडल्या गेल्या. नजरेआड राहू इच्छिणारी घरे नकाशावर सर्वांत आधी नजरेत भरू लागली होती.

भारतातील प्रसंग याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. २०११ मध्ये बंगळूरमध्ये स्ट्रीट व्ह्यूची गाडी निघाली आणि पोलिसांनी ती सुरक्षेच्या कारणाने थांबवली. घरमालकांचा आवाज त्यात जवळजवळ नव्हता. २०२२ मध्ये भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने ही सेवा दहा शहरांत सुरू झाली; त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही महाराष्ट्रातील चार.

जर्मनीत कायदा शेवटी हरकतदारांच्या बाजूने उभा राहिला नाही. सार्वजनिक रस्त्यावरून घराचे छायाचित्र घेणे बेकायदा नाही, असे बर्लिनच्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटले. तरीही एप्रिल २०११ मध्ये गूगलने जर्मनीत नवी छायाचित्रे प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. वाय-फाय प्रकरणी हॅम्बुर्गने २०१३ मध्ये १,४५,००० युरोंचा दंड केला; कायद्यानुसार जास्तीत जास्त दंड दीड लाख होता. कास्पार यांनी स्वतःच या मर्यादेवर टीका केली, आणि एवढ्या मोठ्या कंपनीच्या जमाखर्चात ती रक्कम किती दिसली असेल, याचा हिशेब कोणालाही करता येईल.

बारा वर्षे जर्मनीचे रस्ते नकाशावर जुनेच राहिले. दुकाने बदलली, झाडे वाढली, चित्रे २०१० च्या आसपासचीच. जुलै २०२३ मध्ये नवी छायाचित्रे आली. या वेळी मोर्चे निघाले नाहीत, मंत्री बोलले नाहीत. जुनी छायाचित्रे काढून टाकली गेल्यामुळे त्यांवरच्या हरकतीही संपुष्टात आल्या. ज्यांनी टपालाने आलेला क्रमांक भरून आपले घर पुसून घेतले होते, त्यांना ते पुन्हा पुसून हवे असेल तर नव्याने अर्ज करावा लागणार होता.