एका आकड्याचा फरक

भिवंडीच्या गोदामातून माल सुटतो तो वेबसाइटवर आलेल्या ऑर्डरवर. त्या वेबसाइटचे सर्व्हर दोन: एक लाइव्ह, दुसरा चाचणीचा. प्रोग्राम दोन्हीकडे तोच. डेटाबेस कुठला, पासवर्ड कुठला, ईमेल खरोखर पाठवायचा का, हे प्रत्येकाची कॉन्फिग फाईल ठरवते. चाचणीच्या सर्व्हरवर लाइव्हची फाईल पडली, तर खोट्या ऑर्डरचा माल खऱ्या टेम्पोत चढतो. एक सर्व्हर दुसरा समजला गेला की काय होते, ते २०१७ साली गिटलॅबमध्ये दिसले. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड या सेवेकडे ठेवतात. पुढच्या वेळा भिवंडीच्या घड्याळाच्या आहेत.

३१ जानेवारी, रात्री १०.५०
एक इंजिनीअर नव्या जुळणीच्या चाचणीसाठी लाइव्ह डेटाबेसची प्रत काढून चाचणीच्या सर्व्हरवर नेतो. ही प्रत एरवी २४ तासांतून एकदाच आपोआप निघत असे.

रात्री १२.३० च्या सुमारास
लाइव्ह डेटाबेसवरचा ताण वाढू लागतो. संशय स्पॅमवर.

१ फेब्रुवारी, पहाटे ४.३० च्या सुमारास
मुख्य डेटाबेस डीबी१, त्याची जोडप्रत डीबी२. जोडप्रत मागे पडते आणि पुन्हा भरताना अडते. डीबी२ वरचा फोल्डर रिकामा करून पाहावा, असे इंजिनीअर ठरवतो. त्याच्याकडे तेव्हा मध्यरात्र झालेली.

पहाटे ४.५७
पुसण्याचा आदेश डीबी१ वर चालतो. दोन नावांत फरक एका आकड्याचा. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येते, तो आदेश थांबवतो. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलेले असतात.

त्यानंतर
बॅकअप शोधतात, तर साठवणीची जागा रिकामी. बॅकअपच्या साधनाची कुठली आवृत्ती चालवायची, हे एका फाईलवरून ठरत होते. बॅकअप घेणाऱ्या यंत्रावर ती फाईलच नव्हती. डेटाबेस ९.६ चा, साधन चालायचे ९.२ चे, आणि दर वेळी बंद पडायचे. तसे कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते.

शेवटी हाती राहते रात्री १०.५० ची प्रत.

रात्री ११.३०
चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क संथ, म्हणून प्रत परत आणण्यातच दिवस जातो. सेवा सुरू होते. कोड सुरक्षित राहतो, पण मधल्या सहा तासांतले अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेलेली असतात.

गिटलॅबने सारा हिशेब जगापुढे मांडला. सुधारणांच्या यादीत एक साधी गोष्ट होती: टर्मिनलवर लाइव्ह सर्व्हरचे नाव लाल दिसावे, चाचणीचे पिवळे.

थकलेल्या माणसाला सावध राहा म्हणून भागत नाही. आपण कुठे आहोत हे त्याला समोर दिसले पाहिजे. म्हणून दोन कॉन्फिग फाईली वेगळ्या ठेवा, दोन्हींचे पासवर्ड वेगळे ठेवा. फाईल सापडली नाही, तर प्रोग्रामने अंदाजाने पुढे न जाता तिथेच थांबावे. आणि बॅकअप एकदा खरोखर उघडून पाहा. गोदामात मोजून घेतल्याशिवाय आपण माल आला म्हणत नाही. बॅकअपलाही तोच नियम लावा.