घुमट : डाव्या हाताचे कसब

मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की मनोरी गाव लागते. मनोरी, गोराई, उत्तन ही गावे एकेकाळच्या धारावी बेटावर वसलेली आहेत. वसई आणि तिच्या परिसरावर १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या येथील मूळ रहिवाशांना पुढे 'ईस्ट इंडियन' असे नाव मिळाले. 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन'ची स्थापना १८८७ मध्ये झाली. धर्म बदलला तरी या समाजाची घरची बोली मराठीच राहिली आणि लग्नाची गाणीही त्याच बोलीत राहिली. लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचे पाणी' आणण्याची प्रथा हे त्याचे एक उदाहरण होय. या गाण्यांच्या साथीचे पारंपरिक वाद्य म्हणजे घुमट.

घुमट हे मातीचे भाजलेले भांडे. त्याला दोन तोंडे असतात. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसविलेले असते, तर लहान तोंड उघडे ठेवतात. वाद्य गळ्यात अडकवून किंवा मांडीवर घेऊन वाजवितात. उजव्या हाताची बोटे कातड्यावर पडतात आणि डावा हात उघड्या तोंडावर असतो.

नवख्या श्रोत्याचे लक्ष साहजिकच उजव्या हाताकडे जाते. वादकाची खरी पारख मात्र डाव्या हाताने होते. उघडे तोंड मोकळे असेल तर भांड्यातील हवा मोकळेपणाने कंप पावते आणि भरदार घुमारा निघतो. तळहाताने ते थोडे झाकले की आवाज खाली उतरतो, पूर्ण झाकले की तो दबतो. तबल्याच्या डग्ग्यावर मनगटाचा दाब कातड्याचा ताण वाढवितो आणि स्वर चढतो. घुमटात ताण तोच राहतो, बदलते ती हवेची वाट. दक्षिणेतील घटमचे वादक भांड्याचे तोंड पोटाशी धरून आणि नायजेरियातील इग्बो लोक 'उडू' या मडक्याच्या छिद्रावर हात ठेवून हेच तत्त्व वापरतात.

म्हणूनच दोन्ही हातांचा मेळ महत्त्वाचा. बोटाचा आघात आणि तळहाताची उघडझाप यांत किंचित अंतर पडले तरी घुमारा विस्कटतो. गायक ओळ म्हणत असताना आवाज दाबून ठेवायचा आणि ओळ संपताच मोकळा सोडायचा, हे भान ज्याला आले तो जाणता वादक. केवळ वेगाने वाजविणारा आणि गाण्याला साथ देणारा यांतील फरक इथेच कळतो.

गोव्यात या वाद्याचा विस्तार मोठा आहे. तेथे गणेशोत्सवातील आरत्यांना घुमट, समेळ आणि कासाळे यांची साथ असते. समेळ काठ्यांनी वाजते आणि कासाळे म्हणजे जाड झांज. ख्रिस्ती घरांत मांडो या गीतप्रकारालाही व्हायोलिनबरोबर घुमटाची साथ असते. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला.

या वाद्यापुढील मोठा प्रश्न कातड्याचा. परंपरेने घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. ते पातळ तरीही चिवट असते. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोरपड संरक्षित असून तिची शिकार व कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे. त्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात. खाडीकाठच्या दमट हवेत कातडे सैल पडते आणि घुमटाला ताण देण्यासाठी तबल्यासारखे गठ्ठे नसतात. वाजविण्यापूर्वी ते उन्हात किंवा धगीवर तापवावे लागते.

जुन्या आवाजाची आठवण काढून हळहळणारे जाणकार आहेत, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. कातडे बदलले की नाद बदलतोच. परंतु घुमटाचा घुमारा एकट्या कातड्यातून येत नाही, तो भांड्यातील हवेतूनही येतो आणि त्या हवेवर ताबा असतो तो डाव्या हाताचा. कातड्याला पर्याय सापडला, त्या हाताला मात्र पर्याय नाही. लग्नात ब्रास बँड आणि डीजे यांची चलती झाली असताना हे कसब पुढच्या पिढीच्या हाती गेले नाही, तर मातीचे भांडे उरेल, घुमट उरणार नाही.