पासिंग आणि पाटे : बेंगळुरूच्या मालवाहतुकीतील भारमर्यादेचा इतिहास

बेंगळुरूच्या जुन्या पेठांची नावे नुसती वाचत गेले तरी त्या शहराच्या व्यापाराची यादी तयार होते : अक्किपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची. १५३७ मध्ये केंपेगौडाने वसवलेल्या आणि १६३८ पासून सुमारे अर्धशतक शहाजीराजे व एकोजीराजे यांच्या अमलाखाली राहिलेल्या या गावात माल येई तो बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून, आणि किती माल लादायचा हे कोणत्याही कागदावर नव्हे तर जनावराच्या पायांवर ठरे. बैल वाटेत बसला की मर्यादा संपली, हे गाडीवानाला कोणी सांगावे लागत नसे, कारण बैल त्याचाच असल्याने तोटाही बहुधा त्याचाच होई.

ही अलिखित मर्यादा आकड्यांत उतरली ती फार उशिरा. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी नियम झाले, आणि त्यांत २०० किलोपर्यंत वजनाच्या लहान बैलासाठी दुचाकी गाडीचा भार साध्या चाकांवर ५०० किलो, तर हवेच्या टायरांवर ७५० किलो असा ठरला. एक किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतराचा तीव्र चढ असेल तर तोच आकडा निम्म्यावर येई. मूळ कायद्याने तर वयामुळे किंवा दुखण्यामुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला जुंपणे हाच गुन्हा मानला. बैलाचे वय, त्याचे वजन आणि वाटेचा चढ या तिन्हींची दखल घेणारी ही व्यवस्था मोटारींच्या कायद्याहून कितीतरी बारकाईची होती, हे मान्य करावे लागते.

हे नियम होण्याच्या कितीतरी आधी, १८६४ मध्ये, मद्रासकडून आलेली रेल्वे प्रथम कॅन्टोन्मेंटपर्यंत, म्हणजे इंग्रजी लष्करी वसाहतीपर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात वाहकांचा कायदा झाला. माल हरवला वा नासला तर भरपाई मागणाऱ्याने वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज नाही, असे त्याने ठरवले, आणि वाहक हा जवळजवळ विमेकरीच ठरला. शहराचा कारभार मात्र पुढे दीर्घकाळ दुभंगलेला राहिला : पेठ म्हैसूर संस्थानाची, कॅन्टोन्मेंट ब्रिटिश रेसिडेंटचे, आणि हे दोन्ही भाग एका अमलाखाली आले ते १९४७ मध्ये.

छोट्या मोटारींचे युग त्यानंतरचे. ‘टेम्पो’ हे मूळचे एका जर्मन कंपनीच्या वाहनांचे नाव. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने तिच्या सहकार्यातून बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली, पुढे आकुर्डीच्या कारखान्यातून मॅटॅडोर बाहेर पडली, आणि पुण्याहून बेंगळुरूपर्यंत मालाच्या कोणत्याही छोट्या गाडीला टेम्पोच म्हणण्याची रीत पडली. १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि २००५ मध्ये पाऊण टनाची टाटा एस आली. अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी शहरात मज्जाव आणि पेठेच्या गल्ल्या अरुंद, त्यामुळे शेवटच्या काही मैलांचे ओझे या छोट्या गाड्यांवरच पडले.

येथे ‘पासिंग’ हा शब्द समजून घ्यावा लागतो. वाहन नोंदवताना त्याचे रिकामे वजन आणि मालासह जास्तीत जास्त एकूण वजन आरसी बुकात लिहिले जाते. या दोहोंतील फरक, म्हणजे नेता येणारा माल, यालाच धंद्यात पासिंग म्हणतात. पाऊण टनाच्या गाडीत तांदळाची ५० किलोंची १५ पोती चढली की पासिंग संपते, पण हौद्यात जागा उरलेली असते, आणि हमालाच्या व व्यापाऱ्याच्या डोळ्यांना दिसते ती जागाच. गाडी जुनी झाली की तिच्या कमानी पाट्यांची, म्हणजे आसावर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची, कमान सपाट होत जाते. त्यावर धंद्यातला उपाय म्हणजे पाटा वाढवणे. जादा पाट्याने गाडी मागे बसत नाही, भरलेली असूनही भरलेली दिसत नाही. ब्रेक, आस आणि टायर मात्र होते तेच राहतात, आणि मागच्या आसामागे रचलेला माल पुढची चाके हलकी करून स्टिअरिंगही सैल करतो. वय वाढल्याने आरसी बुकातला आकडा आपोआप घटत नाही. आठ वर्षांवरील वाहनाला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, एवढीच काय ती वयाची दखल, आणि ती तपासणीही साधारणपणे रिकाम्या गाडीची.

दंडाचा इतिहास याहून सरळ आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली जादा भारासाठी आधी किमान २,००० रुपये आणि जादा टनामागे १,००० रुपये दंड होता. सप्टेंबर २०१९ पासून तो २०,००० आणि २,००० झाला. दंड भरून तोच माल तसाच पुढे नेण्याची मुभा काही राज्यांनी दिली होती. ती परमजित भसीन खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केली, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलणार नाही हे स्पष्ट झाले.

विम्याच्या बाबतीत न्यायालये अधिक सौम्य राहिली. कर्नाटकातीलच बी. व्ही. नागराजू यांच्या प्रकरणात परवानगीपेक्षा अधिक माणसे बसवलेल्या मालवाहू गाडीचा दावा विमा कंपनीने फेटाळला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ जादा माणसे बसवणे हा अपघाताला कारण ठरलेला मूलभूत करारभंग नव्हे, असे म्हणून तो मान्य केला. पुढे २०१० च्या अमलेंदू साहू निकालात ज्या मार्गदर्शक सूत्रांचा आधार घेतला गेला, त्यांत क्षमतेहून जास्त माल भरलेल्या वाहनाच्या नुकसानीपोटी मान्य रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. थोडक्यात, जादा पोत्यांची किंमत गाडीमालकापुरती किमान चौथा हिस्सा ठरली.

उरतो तो जबाबदारीचा प्रश्न. १८६५ च्या कायद्याची जागा घेणारा, मार्च २०११ पासून अमलात आलेला रस्ता वाहतूक कायदा वाहकालाच एकूण वजनाची मर्यादा ओलांडण्यास मनाई करतो. मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमानुसार चालक हा मालक नसेल, तर जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकमानेच भरला गेला असे न्यायालय गृहीत धरू शकते. ज्याची पोती गाडीत चढतात त्या मालधन्याविषयी असे कोणतेही गृहीतक त्या कलमात नाही.