जे वितळत नाही त्याचा धागा

साल १९७५. जपानच्या पूर्व किनाऱ्यावरचं ओआराई. बाहेर पॅसिफिक महासागराचा खारा वारा, आणि आत तुमच्या नाकात झायलिनचा, रंगाच्या दुकानात येतो तसला वास. तोहोकू विद्यापीठाच्या लोखंड-पोलादावर संशोधन करणाऱ्या संस्थेची ही शाखा. मुख्य संस्था तिकडे सेंदाईला. लोखंडाच्या या घरात चाललंय मात्र भलतंच. प्राध्यापक सेइशी याजिमा यांचे सहकारी उकळत्या झायलिनमध्ये सोडियम वितळवून त्यात क्लोरीन असलेलं सिलिकॉनचं एक द्रवरूप संयुग थेंब थेंब सोडताहेत. भांड्यात हवा नाही, नायट्रोजन आहे. तुम्ही दोन पावलं मागेच उभे राहा. गरम सोडियमला पाण्याचा थेंब लागला, तर तुमचा प्रवास इथेच संपेल.

भांड्यातला गाळ गडद निळा-जांभळा होतो. तो धुतला की उरते पांढरी भुकटी. ही भुकटी वितळत नाही, कशात विरघळत नाही. एखाद्याने ती फेकून दिली असती. इथे ती ऑटोक्लेव्हमध्ये जाते आणि साडेचारशे अंशांच्या वर, दाबाखाली, तासन् तास शिजते. तेवढ्यात भुकटीच्या रेणूंची आतून फेरमांडणी होते. बाजूला लोंबणारा कार्बन दोन सिलिकॉनच्या मध्ये जाऊन बसतो. झाकण उघडतं तेव्हा समोर असते पिवळसर, काचेसारखी राळ, आणि ती वितळते!

एवढा आटापिटा का, हे समजायला क्षणभर १८९१ मध्ये जाऊन येऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडवर्ड अ‍ॅचेसन माती आणि कोळशाचा कोक यांच्या मिश्रणातून जोरदार वीज सोडतो. त्याला कृत्रिम हिरा हवाय. हाती लागतात सिलिकॉन कार्बाइडचे चमकते, कठीण स्फटिक. त्यांची घासचाकं झाली, घासकागद झाले. धागा मात्र झाला नाही. हा पदार्थ साध्या दाबाखाली वितळतच नाही. अडीच हजार अंशांच्याही पुढे तापवला, तर द्रव न होता सरळ विघटित होतो. जे वितळत नाही, त्याची तार काढणार कशी?

ओआराईतलं उत्तर असं, की आधी तार काढा आणि मग तिचा दगड करा. परत या, बघा. राळ तीनशे अंशांच्या आसपास मऊ करून बारीक छिद्रांतून ओढताहेत. पाकाची तार धरावी तसे तंतू निघताहेत, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. तुम्ही बोट लावू नका, ते नुसत्या स्पर्शाने तुटतील. आणि पाकाची जी अडचण तीच इथली. पुन्हा तापवलं की सगळं वितळून एकमेकांना चिकटणार. म्हणून भट्टीत घालण्याआधी त्यांना हवेत १९० अंशांना थोडा वेळ ठेवतात. हवेतला प्राणवायू रेणूंना एकमेकांशी टाके घालतो. मग नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात बाराशे-तेराशे अंश. हायड्रोजन आणि मिथेन निघून जातात, धागा आक्रसतो आणि काळा होतो. आता तो ओढून बघा. पोलादाच्या तारेशी बरोबरी करतो, आणि वजनाला तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतका.

ऐंशीच्या दशकात या. निप्पॉन कार्बन कंपनी हाच धागा ‘निकॅलॉन’ नावाने विकते आहे. एका लडीत पाचशे तंतू. सगळे खूश आहेत. तुम्ही मात्र एक लड घ्या आणि तिला बाराशे अंशांच्या वर नेऊन ठेवा. धाग्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटू लागतो, त्याच्याबरोबर सिलिकॉनचा वायुरूप ऑक्साइड. आतले स्फटिक फुगतात, ताकद गळते. कारण ओळखीचंच आहे. टाके घालायला जो प्राणवायू आत घेतला, तो गेलाच नव्हता. धाग्याच्या वजनाचा दहावा भाग तोच होता. धागा वितळू नये म्हणून केलेला उपचारच त्याच्या मुळावर आला.

पुढचा मुक्काम ताकासाकी, नव्वदीच्या दशकाचा उंबरठा. इथल्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात इलेक्ट्रॉनचा झोत आहे. तुम्ही जाड भिंतीच्या अलीकडेच थांबा. पलीकडे कच्चे तंतू हेलियममध्ये ठेवून त्यांच्यावर हा झोत सोडतात. टाके तेच, पण प्राणवायूवाचून घातलेले. दहा टक्क्यांचा प्राणवायू अर्ध्या टक्क्यावर येतो. माझ्या मते या कथेतलं सगळ्यात देखणं काम हेच. पण गर्दी नेहमी विमानाच्या इंजिनापाशी जमते.

इंजिनापर्यंत जायला अजून एक थांबा आहे, न्यूयॉर्क राज्यातली जनरल इलेक्ट्रिकची संशोधन प्रयोगशाळा. क्रिशन लुथ्रा यांचा चमू तिथे अनेक वर्षं एकाच प्रश्नाला भिडलाय. धागे सिलिकॉन कार्बाइडचे आणि त्यांच्याभोवतीचा भरावही त्याचाच. हा भराव घालायचा कसा? कार्बन असलेल्या चौकटीत वितळलेलं सिलिकॉन मुरवायचं. पण सिलिकॉन वितळतं १४१४ अंशांना. जुना धागा तिथवर टिकलाच नसता. इथे ताकासाकीची किंमत कळते.

त्याच प्रयोगशाळेत एक तुकडा हातात घ्या. प्रत्येक धाग्यावर बोरॉन नायट्राइडचा जेमतेम मायक्रॉनभर थर आहे. मऊ, निसरडा. वाटेल की धागा भरावाला जितका घट्ट चिकटेल तितकं बरं. उलट आहे. घट्ट चिकटवलं तर भरावातली भेग थेट धाग्यातून आरपार जाते आणि तुकडा चिनी मातीच्या बशीसारखा फुटतो. थर कमकुवत ठेवला की भेग धाग्यापाशी येऊन वळते, धागा घसरतो, ओढला जातो, आणि त्या घर्षणात तडा जाण्याचा जोर खर्ची पडतो. ठिसूळ अधिक ठिसूळ मिळून चिवट पदार्थ होतो, तो या मुद्दाम ठेवलेल्या कच्च्या जोडामुळे.

आता ७ ऑगस्ट २०२२, मुंबई. आकासा एअरचं पहिलं उड्डाण, अहमदाबादला. खिडकीतून पंखाखाली बघा. बोइंग ७३७ मॅक्सचं लीप इंजिन. आत टर्बाइनच्या पहिल्या पात्यांभोवती जे स्थिर कडं आहे, त्याचे तुकडे या धाग्यांच्या संमिश्राचे आहेत. धातूपेक्षा वजन एक तृतीयांश, आणि थंड ठेवायला हवा कमी लागते. ती वाचलेली हवा इंजिनाच्या कामी येते.

शत्रू मात्र संपलेला नाही. आता तो पाणी आहे. इंधन जळताना वाफ होते आणि ती या पदार्थावरची संरक्षक साय वायू करून उडवून नेते. म्हणून वर आणखी एक सिलिकेटी लेप लागतो. सुरुवातीच्या काही इंजिनांत तो वेळेआधीच सुटला आणि त्यात सुधारणा करावी लागली. आणि या कड्याच्या आत, केसभर अंतर राखून मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती? ती अजून निकेलच्या मिश्रधातूचीच आहेत, पोटातून थंड हवा खेळवलेली. प्रवासी विमानात या धाग्याला आधी बसून करायचं काम मिळालं. फिरण्याचा ताण वेगळा, आणि पातं तुटलं तर ते एकटं तुटत नाही.