शस्त्रपरवाना, आत्मरक्षण आणि जात
आत्मरक्षणासाठी बंदूक बाळगण्याची मुभा कोणास असावी, यासंबंधीचा वाद. ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना सूट दिली. त्यामुळे तो वंशभेदमूलक ठरला. १९५९ च्या अधिनियमात असा भेद नाही, मात्र शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्कही नाही. मराठवाड्यात १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून दलित वस्त्यांवर हल्ले झाल्याने दुर्बलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न तीव्र झाला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ अन्वये अत्याचारप्रवण, म्हणजे अत्याचार संभवणाऱ्या, क्षेत्रात इतरांचे परवाने रद्द करण्याची व आवश्यकतेनुसार या समाजांतील व्यक्तींना ते देण्याची तरतूद आहे. तथापि तत्पर पोलीस व निःपक्ष न्याय यांवाचून केवळ शस्त्राने दुर्बलांचे रक्षण होत नाही.