रुतलेली गाडी आणि ओढणारा दोर



इतिहासाचा प्राध्यापक बोलायला बसला म्हणजे एखादी लढाई नाहीतर एखादा तह पुढे येणार, अशी आपली अपेक्षा असते. लढाई येईलच, पण आज मुख्यतः सांगायचे आहे ते एका लोखंडी आडव्या दांडीविषयी. जीपगाडीच्या नाकाशी जी दांडी असते, जिला आपण सर्रास बंपर म्हणतो, ती. तिच्यावर दोर गुंडाळणारा एक लोखंडी ढोल बसवला की त्याला विंच म्हणतात. दोराचे टोक समोरच्या झाडाला बांधायचे, ढोल फिरवायचा, आणि चिखलात बसलेली गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढते. हल्ली आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही हौशी तरुण असे बंपर ओळखीच्या वेल्डरकडून घरच्या घरी घडवून घेताना दिसतात. या दांडीला फार जुना इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसला तर हातपाय गमावण्याची पाळी येते. म्हणून हा विषय घेतला.

सुरुवात आपल्या पायाखालच्या मातीपासून करू. घाटाखालचे मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, शेगाव हे तालुके म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी रेगड. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी पडले की तीच माती फुगून लोण्यासारखी होते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, हे त्याचे कारण. कापसाला ही माती आईसारखी. गाडीच्या चाकाला मात्र सावत्र. चाक फिरते तसा गारा आऱ्यांना चिकटत जातो आणि शेवटी आख जमिनीला टेकतो. पुढचे सांगायला नको, तुम्ही ते भोगलेलेच आहे.

या गाऱ्याने वऱ्हाडच्या व्यापाराचा इतिहास घडवला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून सुमारे पाचशे मैलांवरच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेच्या पाण्याने कलकत्त्याला. वाटेत पाऊस गाठला की गोण्या भिजून जड होत, बैल काळ्या मातीत रुतत, आणि माल तिथेच कुजे. पुढे विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या हैदराबादच्या पारशी व्यापाऱ्यांनी हा ओघ मुंबईकडे वळवला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले; पण सोने गाडीत आणि गाडी गाऱ्यात, तर उपयोग काय? मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ साली मलकापूर-शेगाववरून नागपूरला पोहोचली, आणि जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत सुमारे आठ मैलांचा फाटा १८७० साली सुरू झाला. आठ मैलांसाठी वेगळी आगगाडी! आज हसू येईल. ज्याने भर पावसात ते आठ मैल गाडीने कापले असतील, तो हसणार नाही.

आगगाडी रुळांवरून धावते. शेत मात्र रुळांपासून दूर राहते. तेथे ओढण्याची विद्या लागतेच. आता लढाईकडे येतो.

१८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली नागपूरकर भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्यावर चालून गेला. किल्ला मेळघाटच्या डोंगरात, आजच्या चिखलदऱ्याजवळ. त्याची उत्तरेची बाजू तेवढी मारा करण्याजोगी, आणि तिथवर जायला वाट नाही. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत सुमारे तीस मैलांची डोंगरवाट स्वतः फोडत मोठ्या तोफा तिथवर नेल्या, आणि बराचसा रस्ता त्या माणसांनी हाताने ओढल्या. १५ तारखेला किल्ला पडला. किल्ला कोणी घेतला हे पाठ्यपुस्तकात असते. तोफेला दोर कुठे बांधला होता, हे कोणी लिहीत नाही. माझ्या मते एवढी जड तोफ डोंगरावर चढवणाऱ्यांना हाच प्रश्न पहिला पडला असेल, कारण दोर चुकीच्या जागी बांधला तर गाडा मोडतो आणि तोफ दरीत जाते.

ओढण्याचे शास्त्र आपल्याकडे शिकवावे लागत नाही. मोट आठवा. वरच्या चाकावरून नाडा, खालच्या रुळावरून सोंदूर, आणि बैल धावेवरून उताराला चालतात, म्हणजे ओढताना त्यांचे स्वतःचे वजनही कामी येते. चाकाने ओढीची दिशा बदलली, उताराने ताकद वाढवली. पण विहिरीच्या काठावरचे खांब नीट रोवलेले नसले, तर भरल्या मोटेसकट सगळा सांगाडा विहिरीत! दुसरे उदाहरण दाव्याचे. माजलेला खोंड नुसत्या हातांनी आवरत नाही. दाव्याचे दोन वेढे खुंट्याला दिले की दहा वर्षांचे पोरही त्याला धरून ठेवते. ओढ खोंडाची, पण ती खुंटा सोसतो. शिक्षक मित्रांनी वर्गात पेन्सिलीला दोऱ्याचे एक, दोन, तीन वेढे देऊन हा प्रयोग जरूर करावा. जहाजांवर नांगर उचलायला हेच तत्त्व उभ्या ढोलावर वापरले गेले, आणि तोच ढोल फिरत फिरत जीपच्या नाकावर येऊन बसला.

ते असे झाले. दुसरे महायुद्ध पेटले होते. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मागितली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिला नमुना उभा केला. मोठे काम पुढे विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या काढल्या. त्याच सैन्याच्या जीएमसी मालमोटारींपैकी कित्येकींच्या पुढे १०,००० पौंडांची ओढ सोसणारे विंच होते. इंजिनाचीच ताकद एका दांड्याने पुढे आणून ढोल फिरवायचा, अशी ती रचना. त्यात एक गंमत होती. दांड्यात मुद्दाम एक कमजोर पिन ठेवलेली असे. ओढ बेताबाहेर गेली की दोर तुटण्याआधी पिन तुटावी, म्हणून. पिन चार पैशांची, माणूस अमोल. घडवणाऱ्याने काय तुटू द्यायचे हे आधीच ठरवून ठेवले होते, आणि मला हे त्या यंत्रातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

घरगुती बंपर म्हणाल, तर तेही त्याच युद्धातले. जर्मन सैनिक माघार घेताना रस्त्यावर माणसाच्या गळ्याच्या उंचीवर तारा ताणून ठेवत. जीपची पुढची काच आडवी पाडून चालवण्याची चाल होती. रात्री अंधारात ती तार थेट मानेवर येई. तेव्हा सैन्याच्या कारागिरांनी छावणीतच पुढच्या बंपरवर डोक्याहून उंच असा एक उभा लोखंडी अँगल जोडला आणि त्याच्या टोकाला तार अडकून तुटावी म्हणून खाच ठेवली. ही कल्पना कारखान्याच्या नकाशातून आलेली नव्हती. ज्यांच्या माना जात होत्या, त्यांच्यातूनच ती निघाली.

युद्ध संपले, आणि सैन्याच्या उरलेल्या जीपा लिलावात निघाल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीज जीपचे सुटे भाग आणून गाड्या जुळवायला आरंभ केला, आणि पुढे कित्येक दशके जीप म्हणजे आपल्याकडे कलेक्टर, वनखाते आणि निवडणूक. माझ्या पिढीची जीप मात्र काळी-पिवळी. आत दहा, मागे लोंबकळणारे चार, आणि टपावर शेळी.

आता चार वर्षांमागची आषाढातली गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नवी चार चाकी ओढीची गाडी घेतली, बॅटरीवर चालणारा विंच आणला, आणि तालुक्याच्या एका दुकानातून बंपर घडवून घेतला. दिसायला झकास, काळा रंग, दोन पिवळे दिवे. मी त्याच्या गावी गेलो होतो, त्याच दिवशी नाल्याच्या उतारावर खताच्या गोण्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रुतली. हा आपला पराक्रम दाखवायला पुढे सरसावला. दोर ट्रॉलीला लावला, गाडीचे ब्रेक दाबले, बटण दाबले. आधी बंपर नमस्कार केल्यासारखा खाली वाकला. मग कड्‌कन आवाज झाला आणि त्याची एक बाजू उपटून निघाली. दोर फटकाऱ्यासारखा फिरला आणि बांधावर उभ्या केलेल्या एका सायकलचे हँडल मोडून गेला. सायकल ज्याची, तो पोरगा क्षणभरापूर्वीच तिथून बाजूला झाला होता. मी स्वतः किती मागे उभा होतो ते नंतर पावलांनी मोजले. सहा पावले.

तिथे एक म्हातारेबुवा विडी ओढत बसले होते. ते उठले, वाकलेली दांडी पाहिली आणि मला म्हणाले, “मास्तर, वढनारा कोनीबी भेटते. बांधलं कशाले हाये, ते पाहा ना आधी.” मग त्यांनी निम्म्या गोण्या उतरवायला लावल्या, साखळी ट्रॉलीच्या साटीला न लावता आखाला लावली, आणि दोन बैलजोड्यांनी ट्रॉली बाहेर आली.

त्या दांडीची नंतर मी वेल्डरसमवेत चिकित्सा केली. दोष विंचचा नव्हता, दोराचाही नव्हता. जाड दिसणारा पत्रा जेमतेम तीन मिलिमीटरचा होता, आणि मुळात फक्त प्लास्टिकचा बंपर धरण्यासाठी असलेल्या पातळ पट्ट्यांना तो चार साध्या बोल्टांनी जोडलेला होता. म्हणजे बैल जुवाला न जुंपता गाडीच्या झुलीला जुंपला! ज्याला हे काम खाजगी शेतात करायचेच आहे त्याने ध्यानात ठेवावे: विंच बसतो ती पाटी निदान सहा मिलिमीटरची हवी, आणि ती दोन्ही बाजूंना लांब पट्ट्यांनी थेट चॅसीच्या दांड्यांना बांधलेली हवी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा आकडा असतो, तो पाहून घ्यावा. ओढ नेहमी सरळ नसते. तिरपी ओढ लागली की सगळा भार एकाच बाजूच्या दांड्यावर येतो, म्हणून कोपऱ्यांना तिकोनी आधार द्यावा. विंचची क्षमता भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी. ढोलावर निदान पाच वेढे शिल्लक ठेवावेत. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा घोंगडी टाकावी, म्हणजे तुटला तरी उडत नाही. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत, आजूबाजूला, वर किंवा ओलांडताना कोणी म्हणजे कोणी असू नये. पोरांना हाकलावे, रागावली तरी चालतील. समोर कप्पी लावली तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. पण त्याच हिशेबाने ज्या झाडाला कप्पी बांधली त्याच्यावरही दुप्पट भार येतो, हे विसरून बाभळीचे रोपटे निवडू नये.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीत मनास येईल तसा बदल करता येत नाही, आणि बाहेरून लावलेल्या अशा लोखंडी बंपरांवर कारवाई करावी असे केंद्राच्या परिवहन खात्याने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे. त्याला कारण आहे. धडकेच्या वेळी गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का गिळतो. कडक दांडी तो धक्का सरळ आतल्या माणसाकडे पोहोचवते, आणि समोरच्या पायी चालणाऱ्याची तर हाडेच मोडते. आतल्या हवेच्या पिशव्या वेळेवर फुगण्यातही तिची आडकाठी येऊ शकते. सैनिकांनी अँगल जोडला तो मान वाचवायला. आपण शोभेसाठी दांडी जोडून दुसऱ्याची मान धोक्यात घालणे बरे नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याने बंपर काढून टाकला. विंच मात्र विकला नाही. नाल्याच्या उतारावर, जिथे दर पावसाळ्यात कोणी ना कोणी रुततेच, तिथे खोल खड्डा घेऊन त्याने काँक्रीटचा ठोकळा बसवला आणि त्यात रोवलेल्या लोखंडी चौकटीवर विंच जोडला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो चालतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी पाहायला गेलो, तेव्हा ते विडीवाले म्हातारेबुवा तिथेच होते. विंचकडे त्यांनी पाहिलेही नाही. चौकटीचा खांब दोन्ही हातांनी धरला, अंगचा जोर लावून हलवून पाहिला, आणि पुन्हा बांधावर जाऊन बसले.